बिनछाटीची द्वारका

"दळण टाकायला आले होते," मी म्हणाले.

"मी पन," राजव्वा म्हणाली.

गिरणीच्या दाराला भलंमोठं कुलूप होतं. वार मंगळवार, आणि मंगळवारी गिरणी बंद असते हे आमच्या गल्लीत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. नुकतं उजाडलं होतं. पौषातली थंडी होती म्हणून मी नवऱ्याची घोंगडी ओढून घेतली होती आणि घोंगडीच्या आत पोटाशी दुरडी धरली होती. राजव्वानं चादर गुंडाळली होती आणि तिच्याही पोटाशी काहीतरी गोल होतं. नातवंडं असलेल्या बाईच्या मानानं ते पोट फारच वर आलेलं दिसत होतं. मी तिच्या पोटाकडे बघितलं, तिनं माझ्या पोटाकडे बघितलं. दोघींच्या दळणाला तंबाखूचा वास येत होता.

"गिरणी बंद हाय वाटतं," ती म्हणाली.

"विसरलेच बघ," मी म्हणाले.

मग दोघीही भिंतीला टेकून उभ्या राहिलो. त्या भिंतीला लागूनच विडीच्या कारखान्याचं फाटक होतं आणि ते अजून उघडायचं होतं. मला वाटत होतं ही म्हातारी आता घरी जाईल, मग मी हळूच आत शिरेन. तिलाही वाटत असणार, ही बया कधी टळते. तेवढ्यात कोपऱ्यावरून आणखी एक दळण आलं, आम्हाला बघून दचकलं, आणि परत फिरायची सोय राहिली नाही म्हणून आमच्या शेजारी येऊन उभं राहिलं.

त्या दिवसापासून आमचा संप होता. आदल्याच संध्याकाळी खंडोबाच्या देवळात भंडारा उचलून सगळ्यांनी शपथ घेतली होती, की मागणी मान्य होईपर्यंत एकही बाई फाटकावर विडी देणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवतं न आरवतं तोच आम्ही फाटकावर हजर. देवाला आमच्याबद्दल फार गैरसमज नसावा. आमच्या पिढ्या त्याच्याच नजरेसमोर गेल्या आहेत.

आता मागणी काय होती ते सांगते. विडीच्या धंद्यात छाट नावाची एक गंमत असते. बाई घरी बसून पानं भिजवते, कातरते, तंबाखू भरून विड्या वळते, दोरा बांधते आणि सकाळी दुरडी घेऊन कारखान्यात जाते. तिथं चेकर बसलेला असतो. तो विड्या हाताळतो आणि ज्या त्याच्या मनास येत नाहीत त्या मागच्या पत्र्याच्या पिंपात टाकतो. ती छाट. छाटीचे पैसे बाईला मिळत नाहीत. इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती, वाईट विडीचे पैसे शेठनं का द्यावेत? पण संध्याकाळी तेच पिंप आतल्या खोलीत जायचं, त्याच विड्यांना लेबल लागायचं आणि त्या चांगल्या विड्यांच्या मांडीला मांडी लावून बाजारात जायच्या. पोराला परीक्षेत नापास करायचं आणि वर मास्तरनं त्याच्याकडून घरचं पाणी भरून घ्यायचं, असला तो कारभार होता.

युनियनचे बापू खरात आम्हाला महिनाभर भांडवल म्हणजे काय ते समजावत होते. ते कुणाला कळलं असेल असं मला वाटत नाही. पण शेवटी राजव्वाच म्हणाली की पैसे नका देऊ, छाटलेली विडी आमच्या डोळ्यांदेखत मोडा, म्हणजे आमची विडी वाईट म्हणून टाकली का फुकट पाहिजे म्हणून टाकली ते तरी कळेल. हे सगळ्यांना कळलं. बापूंनी लगेच वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या सभेपासून ती त्यांचीच कल्पना झाली.

माझा या सगळ्याशी संबंध काय, तर काहीही नाही. माझ्या विडीला छाटच नव्हती. लग्न होऊन या गावात आल्यापासून माझी दुरडी जशी जायची तशी पास होऊन बाहेर यायची. बायका मला बिनछाटीची द्वारका म्हणत. आता स्वतःचं कौतुक स्वतः कसं करावं, पण मी ते बऱ्यापैकी करत असे. नवीन लग्न होऊन आलेल्या सुनांना सासवा माझ्याकडे पाठवायच्या, आणि मी मांडीवर सूप घेऊन त्यांना सांगायची की पान नीट भिजवत जा, तंबाखू खालून वर सारखा पसर, तोंड दाबताना नख लावू नको. राजव्वाची तर निम्मी दुरडी छाटीत जायची. विणकराच्या घरातली बाई, बोटं धाग्याला सरावलेली, पण वयानं वाकडी झाली होती. तिलाही मी दर दोन दिवसांनी ऐकवायची, "हात बसावा लागतो, राजव्वा." ती मान हलवायची. सगळ्याच हलवायच्या.

त्यात आणखी एक भर पडली होती. चेकर दिगूभाऊ माझ्या माहेरचा. माहेरच्या गावचं कुत्रंसुद्धा भाऊ लागतं, हा तर चांगला सहा फूट माणूस. मी त्याला राखी बांधायची. संपाची कुणकुण लागल्यावर तो माझ्या घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "आक्का, लेबल लावायच्या खोलीत एक जागा व्हनार हाय. म्हैन्याचा पगार, वर पंखा. शेठला मी तुझं नाव सांगितलंय. तेवढं त्या भानगडीत पडू नको." माझा नवरा हमालीत पाठ मोडून ओट्यावर पडलेला, घरात मिळवणारी मी एकटी, आणि मांडी घालून घालून माझे गुडघे माझं ऐकेनासे झालेले. पंख्याखाली खुर्चीवर बसून महिन्याला पगार. मी त्याला आणखी अर्धा कप चहा दिला.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त शेजारच्या सगुणाला सांगितलं, आणि सगुणाला सांगणं म्हणजे न सांगण्यासारखंच. ती बोलते कमी आणि हिशोब जास्त करते. आमच्या आळीत शिकलेली कुणी नव्हती, पण सगुणा असताना कुणाला उणीव भासली नाही. तिनं विडीचा दोरा दातानं तोडत मला जगाची रीत सांगितली. संप जिंकला तर छाट सगळ्यांचीच मोडतील, घरी बसलेलीचीसुद्धा. हरला तर पुढं गेलेलीचंच काम जाईल, घरी बसलेलीचं नाही. "मंग पुढं जानारी शहानी का येडी, तूच सांग."

मी म्हणाले, "आन् सगळ्याच घरी बसल्या तर?"

"तर मंग एकट्या येडीनं जाऊन काय व्हनार?"

हेच मी देवळात बापू खरातांना विचारलं. त्यांनी घोषणा दिली.

तर त्या संध्याकाळी देवळात शपथ घ्यायची वेळ आली तेव्हा मी भंडारा डाव्या हातानं उचलला. डाव्या हातानं उचललेला भंडारा देवाला पोचत नाही असं माझी आजी सांगायची, निदान सोयीचं असेल तेव्हा सांगायची. मला वाटलं होतं, एवढी अक्कल फक्त मलाच. पुढं कळलं की एकीनं उचलला पण कपाळाला लावला नाही, एकीनं मनातल्या मनात सासूचं नाव घेऊन शपथ घेतली, आणि राजव्वाचं म्हणणं असं की आमचा मल्लण्णा तेलंगणातला, तुमच्या खंडोबाला दिलेला शब्द त्याला कसा लागू होईल? सगुणा देवळात आलीच नव्हती. तिचं डोकं दुखत होतं.

तर फाटकापाशी दळणं वाढत चालली. प्रत्येक जणी कोपऱ्यावरून पाठीमागं बघत बघत यायची, पुढं बघायची आणि तिचा चेहरा उतरायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथं तर आख्खी पौर्णिमा उगवली होती. थोड्या वेळात गिरणीपासून फाटकापर्यंत बायकांची रांग लागली, सगळ्यांची पोटं पुढं आलेली, आणि सगळ्या आज मंगळवार आहे याचं नवल करत होत्या. कुणी कुणाला विचारलं नाही की घोंगडीत काय आहे. विचारणारीला स्वतःची घोंगडी उघडावी लागली असती.

शेवटी राजव्वाच म्हणाली, "खरं सांगू का? मी पहाऱ्याला आले. कोन फुटतंय ते बघाया."

एवढं सुचलं म्हणजे काय विचारता. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी पण पहाऱ्यालाच, मी पण, रात्रभर झोप नाही बाई, वाटलं कुणीतरी दगा देईल. आणि मीही मान ताठ करून म्हणाले की शपथ म्हणजे शपथ, तिला कुणी बट्टा लावू नये म्हणून आले. झालं. संप मोडायला आलेल्या तेवढ्या सगळ्या बायका संपाचा पहारा करत फाटकावर उभ्या राहिल्या. इतका कडक पहारा मी पुढं कधी बघितला नाही, कारण प्रत्येकीला ठाऊक होतं की शेजारीण नक्की काय करायला आली आहे.

आत मुनीमानं जाळीतून डोकावून बघितलं आणि त्याला वाटलं मोर्चा आला. तो आत पळाला. आम्ही पळालो असतो, पण आमच्याआधी त्याचा नंबर लागला.

मग फाटक उघडलं आणि दिगूभाऊ बाहेर आला. त्याला आमची पारख मुनीमापेक्षा जास्त. त्यानं एकदा सगळ्या घोंगड्यांवरून नजर फिरवली आणि हसला. त्यानं आतून आपलं टेबल ओढून फाटकातच मांडलं, मागं ते पत्र्याचं पिंप ठेवलं, खुर्चीवर बसला आणि सांगितलं की ज्यांनी ज्यांनी आणलंय त्यांनी देऊन टाका, गल्लीत कळणार नाही, बापूला कळणार नाही, आज छाटही कमी काढतो. असं म्हणून तो वाट बघत बसला.

कुणी हललं नाही. सगळ्यांना द्यायचं होतं, पण पहिली कोण? दुसरीला काही भीती नव्हती, तिनं म्हणायचं की पहिली गेली म्हणून गेले. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उंदीर पुढं होईनात हे ऐकलं होतं. मांजराला नुसता रामराम घालायलासुद्धा कुणी पुढं होत नाही, हे तिथं बघितलं. मी राजव्वाच्या मागं सरकले, राजव्वा माझ्या मागं सरकली, आणि अशा सरकत सरकत आम्ही दोघी सगळ्यांच्या पुढं आलो.

"आक्का," दिगूभाऊ म्हणाला, "तू तर ये. तुला काय परक्यासारखं?"

मी म्हणाले की मी दळण टाकायला आले होते. तो उठून आला आणि, भाऊच तो, घोंगडीच्या टोकाला धरून त्यानं लाडात ओढली. दुरडी उघडी पडली. झाकली मूठ सव्वा लाखाची असते आणि उघडली की काय किमतीची असते ते त्या बायकांच्या डोळ्यांत मला लख्ख दिसलं. पण खरं सांगायचं तर मला त्याचंही फारसं वाटलं नाही. त्यांच्याही घोंगडीत तेच होतं. मी मनात म्हटलं, गेलं तर नाक जाईल, पंखा तर राहील.

दिगूभाऊनं दुरडी माझ्या हातातून घेतली, टेबलावर ठेवली नाही, विडी हातात धरली नाही, सरळ बाजूच्या पास झालेल्या मालाच्या टोपल्यात ओतून दिली आणि बायकांकडं वळून म्हणाला, "बघा. बिनछाटीची. पहिली आली. आता या एकेक."

राजव्वा पुटपुटली, "बघितलं तर न्हाई."

ती काही भांडायला बोलली नव्हती. तिला खरंच नवल वाटलं असावं. पण दिगूभाऊला वाटलं, संधी आली तर माहेरच्या बाईचा मान सगळ्यांसमोर वाढवावा. तो मोठ्यांदा म्हणाला, "आगं, द्वारकाक्काचं काय बघायचं? मी हिथं बसल्यापासून तिची विडी कंदी बघितली न्हाई. राखी बांधती मला. तिनं दुरडीत तुरकाट्या भरून आनल्या तरी पास."

आणि बायका हसल्या.

फार नाही हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, जसं लग्नात वरमाय घसरून पडली की हसतात. मी इकडेतिकडे बघितलं. त्या सुना होत्या, ज्यांना मी पान भिजवायला शिकवलं होतं. त्यांच्या सासवा होत्या. मी राजव्वाकडं बघितलं. ती एकटी हसत नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं.

मी तिला हळूच विचारलं, "तुला म्हाईत होतं?"

"समद्यांलाच म्हाईत होतं, बाई," ती म्हणाली. तिनं ते इतक्या मायेनं सांगितलं, की तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

म्हणजे इतकी वर्षं मी हात बसावा लागतो असं सांगत होते आणि त्या मान हलवत होत्या. त्या मान हलवत होत्या आणि घरी जाऊन हसत होत्या. माझा अभिमान असा एकच होता. दिसायला मी बेताची, नवरा ओट्यावर पडलेला, पोटी पोर नाही. गावात माझं नाव होतं ते या दहा बोटांमुळं, आणि आता कळत होतं की बोटांचा काही संबंध नव्हता. राखीचा होता.

"दिगूभाऊ," मी म्हणाले, "माझ्या विड्या बघ."

"आं?"

"टोपल्यातनं काढ आन् बघ. एकेक. समद्यांची बघतोस तशी."

तो हसायला लागला. मग त्याला दिसलं की मी हसत नाही. त्यानं आवाज खाली आणला आणि मला समजावलं की आक्का, खुळ्यासारखं करू नको, तुझ्या मागं एवढ्या बायका उभ्या आहेत, त्या आता देतील, काम होतंय, आणि लेबलाच्या खोलीचं लक्षात आहे ना. मला सगळं लक्षात होतं. पंखा दिसत होता, त्याची तिन्ही पाती दिसत होती. त्यानं एक जुडी जरी उचलून खरोखर दाबून बघितली असती, चार विड्या काढून पिंपात टाकल्या असत्या, तर मी गपगुमान घरी गेले असते आणि संप त्याच सकाळी उन्हं यायच्या आत आटोपला असता. मी हे पुढं बापू खरातांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, असं भाषणात नका सांगू.

पण दिगूभाऊ म्हणाला, "तुझी विडी बघून मला काय मिळनार हाय?"

मी टोपल्यात हात घातला. माझा दोरा मी ओळखते, तांबडा असतो. माझी एक जुडी काढली, दोरा तोडला आणि विड्या दोन्ही हातांनी धरून मोडल्या. तंबाखू त्याच्या टेबलावर सांडला. मग दुसरी जुडी मोडली. आदल्या दिवशी सकाळपासून दिवे लागेपर्यंत वळलेल्या विड्या होत्या त्या. मोडायला काही वेळ लागत नाही.

"घे," मी म्हणाले. "बिनछाटीची."

आत मुनीम खोकला. दिगूभाऊचा चेहरा पडला होता. भाऊ म्हणून पडला होता का चेकर म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यानं माझा हात धरायला हात पुढं केला, आणि तेवढ्यात राजव्वानं आपली चादर सोडली. आतली दुरडी तिनं त्याच्या टेबलावर ठेवली आणि त्याच्याकडं न बघता तिच्या त्या वाकड्या बोटांनी आपल्या विड्या मोडायला लागली. तिला मोडायलाही वेळ लागत होता.

मी म्हणाले, "तू कशाला गं? तुझ्या निम्म्या तरी पास झाल्या असत्या."

"तू चांगल्या मोडतीस," ती म्हणाली, "आन् मी छाटीच्या घिऊन घरी जाऊ व्हय?"

मग मागून तिसरी आली. तिनं का मोडल्या, तर तिची आणि राजव्वाची भिंतीवरून कोर्टात केस चालू होती आणि राजव्वा पुढं गेलेली तिला बघवलं नाही. चौथी आली ती तिसरीची जाऊ म्हणून. एका सुनेला सासूसमोर काहीतरी मोडायची फार दिवसांची इच्छा होती. बाकीच्यांचं मला ठाऊक नाही. घोंगड्या सुटत गेल्या, आतून दळण निघत गेलं, आणि थोड्या वेळानं त्या टेबलावर तंबाखूचा असा ढीग झाला की दिगूभाऊ शिंकत शिंकत आत निघून गेला. त्याच्या मागं फाटक बंद झालं. आम्ही एकमेकींकडं बघितलं. एका दिवसाची कमाई मोडून फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बायका जितक्या खूश दिसाव्यात त्यापेक्षा आम्ही बऱ्याच जास्त खूश दिसत होतो.

बापू खरात आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांनी तंबाखूचा ढीग बघितला आणि त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, याला म्हणतात वर्गजाणीव. आम्ही मान हलवली. आम्हाला मान हलवायची सवय होती.

आता परत फिरायची सोय राहिली नव्हती. विड्या मोडलेल्या, चेकरचा अपमान झालेला, आणि कोण कोण तिथं होती हे मुनीमानं जाळीतून बघितलेलं. म्हणून संप टिकला. पौष सरला, माघ लागला, ऐन लग्नसराईत माल अडला, तसा शेठचा मुलगा गाडी घेऊन आला, बापूंशी बोलला, आणि ठरलं की छाट बाईच्या समोर मोडायची, आणि बाईला पटलं नाही तर तिनं दुसऱ्या बाईला बोलावून विडी दाखवायची. दोन बायकांचं काम मात्र शेठनं कायमचं काढून घेतलं, आणि त्याबद्दल भाषणात कुणी बोलत नाही. मी वाचले. राखी अजून पूर्ण उतरली नव्हती.

लेबलाच्या खोलीतली जागा सगुणाला मिळाली. ती फाटकावर नव्हती, देवळात नव्हती, शेठच्या कुठल्याच नोंदीत ती वाईट नव्हती, आणि तिची छाटही आता तिच्यासमोरच मोडली गेली असती, पण तिला त्याची गरज उरली नाही. ती पंख्याखाली गेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर नागोबाला निदान बिळापर्यंत सरपटत यावं लागतं. मला तिचा राग येत नाही. तिचा हिशोब बरोबर होता. तो कधीच चुकला नाही. फक्त निवृत्त झाल्यावर ती माझ्या ओट्यावर येऊन बसते आणि दर वेळी विचारते, त्या दिवशी फाटकावर नेमकं काय झालं गं, सांग की परत. मी सांगते. ती पदर तोंडाला लावून हसते.

युनियनच्या कार्यक्रमात अजून मला शाल देतात. नवीन पोरी विचारतात, आजी, तुम्हाला भीती नाही वाटली? काय वाटलं त्या क्षणी? व्यासपीठावर बापूंचा मुलगा बसलेला असतो, म्हणून मी सांगते की अन्याय सहन झाला नाही. टाळ्या पडतात. पण त्याच्या पुढची गोष्ट शालीत बसत नाही, म्हणून ती इथं सांगते.

संप मिटल्यानंतरच्या पहिल्या सकाळी आम्ही सगळ्या फाटकावर गेलो, उघड्या दुरड्या घेऊन. आदल्या रात्री मी जीव ओतून विड्या वळल्या होत्या. दिगूभाऊ टेबलापाशी बसला होता, डोळ्यांवर चष्मा. माझा नंबर आला. तो मला आक्का म्हणाला नाही. त्यानं माझी पहिली जुडी घेतली, दोरा ढिला केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी विडी बोटांत धरून दाबली. कानाशी फिरवली. बाजूला ठेवली. दुसरी घेतली, दाबली, बाजूला ठेवली. बाजूचा ढीग वाढायला लागला.

मी म्हणाले, "मुद्दाम करतोस तू. सूड घेतोस."

तो म्हणाला, "कुनाला पन दाखव."

मी राजव्वाला बोलावलं. तिच्याशिवाय दुसरी कोण साक्ष देणार होती? ती पुढं आली, छाटीच्या ढिगातली एक विडी उचलली आणि वाकड्या बोटांत धरली. मग दुसरी उचलली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. तिला ती चांगली म्हणायची होती, देवाशपथ, मला दिसत होतं. तिनं तिसरी उचलली, चौथी उचलली. एक तरी बरी निघावी म्हणून ती ढीग चाळत राहिली.

"ढिली हाय गं," ती शेवटी म्हणाली. "समद्या ढिल्या हायेत."

मागं बायका उभ्या होत्या. या वेळी कुणी हसलं नाही. दिगूभाऊनं ढीग पुढं ओढला, ठरल्याप्रमाणे त्यानं तो माझ्यासमोर मोडायचा होता. मी म्हणाले, थांब. मग मी त्या माझ्या हातानं मोडल्या, एकेक करून, आणि मोडताना प्रत्येक नीट बघितली. खरंच ढिल्या होत्या.

संध्याकाळी राजव्वा सूप घेऊन माझ्या ओट्यावर आली. न विचारता मांडी घालून बसली. माझ्या ओल्या फडक्यातलं एक पान काढून तिनं उजेडात धरलं, बोटानं चाचपलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"पान नीट भिजवत जा, द्वारके," ती म्हणाली. "हात बसावा लागतो."

मी मान हलवली आणि फडक्यावर पाणी शिंपडलं.